टेकडीची ॲडमिन

"पाव्हण्याइसाठी इंटरनेट हाय. आपल्यासाठी मी हाय."

मोबाइल तोंडासमोर आडवा धरायचा, नजर पाण्यावर ठेवायची, हे एक वाक्य बोलायचं आणि मग कामाचं सांगायचं, अशी तिची पद्धत. मोबाइल ती अशी धरायची की आता त्याचा घास घेते की काय असं वाटावं. लिहिता-वाचता येत नसल्यानं जे काही ते बोलूनच. आमच्या टेकडीवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ती ॲडमिन. ग्रुप कोणी काढून दिला हे आता कोणाला आठवत नाही, पण चालवला तिनंच.

आधी टेकडीचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं आणि वरची वस्ती तेवढी उरली. उन्हाळ्यात गाडीवाट उघडी पडते. एरवी चारी बाजूंनी पाणी, आणि येणं-जाणं इंजिनाच्या डोंग्यानं. अर्धी वस्ती बंजाऱ्यांची, अर्धी आमच्यासारख्या शेतकऱ्यांची. ती बंजारा. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, आणि सगळी टेकडी तिला याडीच म्हणायची. मी मूळचा मारेगावचा. सासऱ्यांचं किराणा दुकान चालवायला इथं आलो. डोक्याचे केस पिकले, तरी लोकांच्या लेखी मी अजून जवाईबापूच आहे.

काही वर्षांपूर्वी कोणीतरी टेकडीचा फोटो 'विदर्भातलं बेट' म्हणून टाकला आणि दर रविवारी पाव्हण्यांची रीघ लागली. तंबू आले, झोके आले. मोबाइलवर आमच्या गावाचं नाव टाकून पाहा. सूर्यास्त कुठून चांगला दिसतो, तळलेले मासे कुठं मिळतात, तंबूचं भाडं काय, सगळं सापडेल. पण आज वाऱ्यात डोंगा सुटणार का, साप चावला तर औषध कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, फुलसावंगीहून येणारी शेवटची गाडी आली की गेली, हे शोधायला गेलात तर पुन्हा सूर्यास्तच समोर येतो. पाव्हणे संध्याकाळी घरी जातात. आम्हाला इथंच राहायचं असतं.

म्हणून याडीचा ग्रुप. त्यात सुप्रभात चालत नसे, फुलं चालत नसत, देवही बेताचेच. तंबूवाला म्हणजे तिचा सख्खा भाचा. त्यानं एकदा सवलतीचे दर टाकले, तर दुपारपर्यंत तो ग्रुपबाहेर होता. घरी येऊन पाया पडला, तेव्हा म्हणाली, "आधी एक कामाची गोष्ट सांग, मंग घेतो." त्यानं पलीकडच्या पंपावर डिझेल आल्याचं सांगितलं. तिनं आधी पंपावर फोन करून खात्री केली आणि मगच त्याला परत घेतलं.

तिचा एकच प्रश्न असे: "पाह्यलं का आयकलं?" ऐकलेली गोष्ट तिच्या ग्रुपमध्ये खपत नसे. मी एकदा वीज तक्रारीची लिंक मोठ्या ऐटीत टाकली. लगेच आवाज आला, "जवाईबापू, उघडून पाह्यलं का? आपण चाखल्याबिगर दुसऱ्याले पाणी पाजू नोका." उघडून पाहिलं तर ते पान उघडतच नव्हतं.

तिचे कान फार तिखट. डोंगेवाल्यानं एकदा "निघालो, निघालो" असा आवाज पाठवला. हिचं उत्तर तयार, "निघालो म्हणतं आन मांगं कुकरची शिट्टी वाजून राह्यली. जेवून घे बाप्पा, पण खरं बोल."

आणि दुसरा नियम, जो कोणी मोडत नसे. टेकडीवरून कोणी अडचणीत बाहेर गेलं, बाळंतीण असो की तापाचं लेकरू, तर पोचल्यावर त्यानं स्वतःच्या आवाजात 'पोचलो' म्हणायचं. तोवर ही काठावरच्या काळ्या दगडावर बसलेली. चहा नेऊन दिला तर गार होऊन जायचा. 'पोचलो' ऐकलं की लुगडं झटकून उठायची आणि म्हणायची, "चाला, एक काम झालं." माझी बायको बाळंतपणाला गेली तेव्हा मी तिकडे दवाखान्यात इतका गोंधळलो होतो की सासूला कळवायचं राहिलं, पण याडीला 'पोचलो' म्हटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ती दगडावरून उठताना छातीला हात लावून परत बसली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची नळी बंद होत आली आहे, नागपूरला नेऊन लगेच ऑपरेशन करा. तिचा मुलगा नागपुरात नोकरीला. तो न्यायला आला, तर हिचं भलतंच सुरू.

"मी गेली त पाणी कोण पाहीन?"

"मी पाहीन," मी म्हणालो.

"तू? तू त गल्ल्यावरून उठत नाही."

शेवटी डोंग्यात बसली. काठावर सगळी टेकडी उभी होती. कोणी रडू नये म्हणून प्रत्येकाला काहीतरी काम सांगत गेली. डोंगा सुटल्यावरही तिचा हात उंचावलेला होता, आणि तो निरोपाचा होता की डोंगेवाल्याला दिशा दाखवत होता, हे मला अजून सांगता येत नाही.

नागपूरला पोचल्याचं तिनं स्वतः सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी मात्र ग्रुप गप्प. संध्याकाळी तिच्या नंबरवरून संदेश आला. लिहिलेला. 'मी बरी आहे. काळजी करू नये.'

बाहेरचा कोणी असता तर त्यानं देवापुढे साखर ठेवली असती. आम्ही हादरलो. डोंगेवाला माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "याडीच्या नंबरवरून अक्षरं आली, भाऊ. म्हंजे फोन याडीच्या हातात नाही."

मी तिच्या मुलाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. बायका दुकानासमोर जमल्या. तंबूवाल्या भाच्यानं पाव्हण्यांचं गाणं बंद करायला लावलं. त्या संध्याकाळी मला भीती वाटली. ही बाई गेली तर आम्ही नुसते पाण्यात राहणारे लोक उरू, असं वाटलं.

सकाळी मी शटर वर करत होतो, तेव्हा मोबाइल वाजला. तिचा नंबर, आणि आवाजाची ती निळी रेघ. बायकोनं दाबलं.

आवाज बारीक होता, मधे मधे दम लागत होता. "आयका. पोचली मी. वर नाही, खालीच हाय." मग दम घेऊन, "तिथं फोन नेऊ देत नव्हते. काल ते माया पोरानं लिवलं. कायले लिवलं म्हणून इचारलं, त म्हणे लोक काळजी करतात. त्याले सांगतलं, असं खोटं लिवतं त लोक जास्त मरतात. काढून टाकलं त्याले ग्रुपातून."

बायको तिथंच पोत्यावर बसून हसायला लागली आणि हसता हसता रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली. काठावर डोंगेवाल्यानं विनाकारण इंजिन सुरू केलं आणि एक फेरी मारून आला. त्या दिवशी दुकानात चहापत्ती आणि साखर एवढंच खपलं.

ती परत आली नाही. म्हणजे बरी आहे, चांगली जेवते, मुलाच्या गॅलरीत मेथी लावली आहे म्हणते. पण डॉक्टरांनी डोंग्याचा प्रवास बंद केला आहे आणि दवाखान्याजवळच राहायला सांगितलं आहे. काळ्या दगडावर आता रविवारी पाव्हणे बसून फोटो काढतात. आम्ही त्यांना उठवत नाही, पण ते उठले की बरं वाटतं.

ॲडमिन मात्र अजून तीच. परवा संध्याकाळी वारा सुटला आणि नागपूरहून विचारणा झाली, "जवाईबापू, पाणी कसं हाय? डोंगा सोडावा का?"

गिऱ्हाईक होतं. मी साखर तोलता तोलता मोबाइल तोंडाशी धरला आणि म्हणालो, "पाणी शांत हाय, याडी. मी सवताच्या डोयानं पाहून राह्यलो."

लगेच उत्तर आलं.

"मांगं दुकानातला पंखा वाजून राह्यला, बाप्पा."

मी तराजू तसाच ठेवला, गिऱ्हाइकाला थांबा म्हणालो, चपला घातल्या आणि काठावर गेलो.