शिल्लक फक्की

आमच्या कॉलेजात मुलींच्या खेळासाठी एकच शब्द होता, शिल्लक. जर्स्या मुलांना नव्या आल्या की जुन्या शिल्लक राहायच्या, त्या मुलींच्या. सामन्याला जाणाऱ्या जीपमध्ये जागा शिल्लक असली तर मुली, नाहीतर त्यांनी एसटीने यावं. आणि मैदान आखायची फक्की, म्हणजे चुन्याची भुकटी, शिल्लक राहिली तर मुलींचं कबड्डीचं मैदान.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी तिथे जिमखान्यात शिपाई होते. आठवीतून शाळा सुटलेली, माहेर कोकणात, लग्न होऊन जालन्याला आलेली. सळईच्या कारखान्यात नवऱ्याचा हात गेला, तेव्हा प्राचार्यांनी मला कामावर घेतलं. ते उपकार मी अजून मानते. पण उपकारासोबत धाकही आला. कुणी जरा मोठ्याने 'मावशी' म्हटलं तरी वाटायचं, गेली नोकरी. इथली बोलीही आधी कळायची नाही. 'काय करून राह्यल्या?' असं साधं कुणी विचारलं तरी मी हातातलं काम खाली ठेवायची. वाटायचं, चुकलंच काहीतरी.

फक्की टाकणं माझं काम. खुंट्या ठोकायच्या, सुतळी ताणायची, भोकं पाडलेला डबा हलवत वाकून चालायचं. हाताच्या भेगांत चुना जाऊन आग व्हायची. पण त्या काळ्या मातीवर रेघ काय उठून दिसायची! आमच्याकडच्या तांबड्या मातीला ते जमलं नसतं.

फक्की मात्र कधी उरायची नाही. उरलीच तर खेळाचे सर मुलांच्या रेघा दुसऱ्यांदा गडद करायला लावायचे. मुली विटकरीच्या तुकड्याने रेघ ओढून खेळायच्या. दहा मिनिटांत पायांनी पुसली जायची.

त्या वर्षी मुली पहिल्याच सामन्यात हरून आल्या. तिघींना तर कुणी पकडलंही नव्हतं, त्या स्वतःच रेघेबाहेर पाय टाकून बाद झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिमखान्यात मुलं बोलत होती, "पोरींला लाईनच समजत न्हाई." एकाने त्यावर भर घातली, "लाईन सोडायची सवयच हे त्यांला." सर हसले.

मुलींची कप्तान मंठ्याकडची, रोज एसटीने येणारी. ती माझ्याजवळ जर्स्या मोजून द्यायला आली होती. म्हणाली, "मावशी, लाईन कधी पाहिलीच न्हाई तं समजंल कशी?" रडली वगैरे नाही. जर्सी घडी करून ठेवली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात नवं पोतं आलं. सर नेहमीसारखं म्हणाले, "मावशी, पोरांचं जल्दी मारून घ्या. शिल्लक राह्यली तं पोरींचं बघा."

मी आधी मुलींचं मैदान आखलं. जाडजूड रेघा, चारी कोपरे बराबर. उरलेल्या फक्कीत मुलांचं जेमतेम अर्धं झालं. डबा आपटून रिकामा केला.

सर आले. "हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

या वेळी मी डबा खाली ठेवला नाही. "शिल्लक राहिली तेवढी मुलांना टाकली, सर."

ते मला थेट प्राचार्यांकडे घेऊन गेले. "साहेब, यांना कामच समजत न्हाई. पोरींचं मैदान पोरांच्या मापानं आखलं. बायांचं मैदान लहान असतं, एवढंबी म्हाईत न्हाई. सगळी फक्की वाया घातली."

ते खरं होतं. मला एकच माप ठाऊक होतं, मुलांचं. दुसरं कधी आखायची वेळच आली नव्हती. कान तापले. आठवी शिकलेलीचं अज्ञान साहेबांच्या टेबलावर मांडलं गेलं होतं. मग डोक्यात एक गोष्ट आली, आणि ती तोंडातून निघूनही गेली.

"लहान असतं का, सर? मग फक्कीही कमीच लागत असेल. तरी इतकी वर्षं पुरत नव्हती?"

सर खिडकीकडे बघू लागले. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुम्हाला कामावर मी घेतलं."

"हो साहेब. तुमचं मीठ खाते. काढायचं तर काढा. पण पुढचं पोतं आलं की मी पहिली रेघ तिकडेच मारणार."

त्यांनी काढलं नाही. मेमो दिला, आणि लेखी खुलासा मागितला. कप्तान म्हणाली, "मावशी, मी लिहून देते, बिलकुल कायद्याच्या भाषेत." मी म्हटलं, नको. माझं मीच लिहिलं, दोन दिवस लागले. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल. लिहिलं ते एवढंच: 'मुलींचे मैदान मापात चुकले, ती चूक कबूल. आधी आखले, ती चूक नाही.'

खुलासा देऊन मी मैदानावर गेले. मोठ्या मापाच्या रेघा खराट्याने मोडल्या. कप्तानने टेप धरला, मी सुतळी ताणली आणि बायकांच्या खऱ्या मापाचं मैदान आखलं. नवी फक्की मागितली नाही. खराट्याने गोळा केलेला मातकट चुनाच पुरला, आणि मूठभर उरलाही.

तो मुलांकडे नेला नाही. मुलींचीच मधली रेघ दुसऱ्यांदा गडद केली.