रूबीला बरं नाहीये

"रूबीला बरं नाहीये, एवढंच कळव लोकांना," ग्रॅहम म्हणाला. ग्रॅहम माझा बॉस. रूबी आदल्या दिवशी कार अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेली होती.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या कंपनीत मी रिटेन्शन सांभाळायचे. म्हणजे आलेला कस्टमर सोडून जाऊ नये, हे बघायचं. कंपनी प्रौढांसाठीच्या वेबकॅम साइट्स चालवायची. मराठी मंडळात मी 'मीडिया कंपनी' म्हणायचे आणि विषय बदलायचे. कशाला उगाच! रूबी आमची कॅमेऱ्यासमोरची चाळिशीची बाई. लोक महिन्याचं सबस्क्रिप्शन भरून तिला बघायचे, मेसेज करायचे.

कस्टमर आणून देणारे बाहेरचे लोक असतात, ते अ‍ॅफिलिएट. त्यांचे पैसे दोन तऱ्हांनी. एक, माणूस आणला, ठरलेली रक्कम घेतली, संपलं. दुसरी तऱ्हा रेव्हशेअर. कस्टमर पैसे भरतोय तोवर त्यातला वाटा. लग्न जुळवणाऱ्याला एकदाच पाकीट न देता जोडपं टिकेल तोवर दरमहा द्यावं, तसं. रूबीचे बहुतेक लोक एकाच अ‍ॅफिलिएटने आणलेले, रेव्हशेअरवर. ते गेले असते तर तोही दुसऱ्या साइटकडे वळला असता. ग्रॅहमला घाम फुटला होता तो त्यामुळे.

"हळूहळू आपल्याच दुसऱ्या कुणा बाईकडे वळवू तिच्या लोकांना," तो म्हणाला.

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला ते दयाळूपणाचंच वाटलं. आपल्याकडे मरणाची बातमी फोनवर सरळ कोण सांगतं? 'सीरियस आहेत, निघून या' म्हणतात. मग रूबीच्या नावाने मी लिहिलं, "थोडं बरं नाहीये. लवकर भेटू." तिच्या नावाने मेसेज आम्ही एरवीही लिहायचोच.

बाकीच्यांनी 'गेट वेल सून' पाठवून दिलं. लेनर्ड मात्र रोज लिहायचा. मिल्टन कीन्सचा रिटायर्ड बस ड्रायव्हर, चार वर्षं जुना कस्टमर. "डॉक्टरांना दाखवलंस का?" "सूप तरी पी गं." मी तीन आठवडे उत्तरं देत राहिले.

मग एके सकाळी त्याचा मेसेज आला. "कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेस? आत येणार नाही. रिसेप्शनला फुलं ठेवून जाईन."

मला बसल्या जागी रडू फुटलं. बाबा 'सीरियस' होते तेव्हा मी त्यांच्यासाठी नवा स्वेटर घेऊन पुण्यात उतरले होते. विमानात बसण्याआधीच ते गेले होते. मला सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. केवढा राग आला होता मला! आणि इथे मी तेच करत होते, वर पगार घेऊन.

"त्याला सांगायला हवं," मी ग्रॅहमला म्हटलं.

"अगं, चार वर्षांचा कस्टमर आहे तो!"

"म्हणूनच."

"मग मी तुला वाचवू शकणार नाही. व्हिसा कंपनीचा आहे तुझा, विसरू नकोस."

विसरले नव्हते. तरी लंचमध्ये स्वतःच्या नावाने त्याला लिहिलं. मी रूबी नाही, रूबी गेली, हे तीन आठवडे मीच लिहीत होते, माफ कर.

तासाभराने उत्तर आलं. "फ्युनरल कधी आहे?"

फ्युनरल होऊन चार दिवस झाले होते. आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. तेही कळवलं.

"मी आलो असतो," एवढंच त्याने लिहिलं.

माझी नोकरी गेली. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी मिळाली, तिथे इन्शुरन्स विकतात. ग्रॅहमवर माझा राग नाही. पहिला मेसेज मीच लिहिला होता.

लेनर्डने त्याच दुपारी सबस्क्रिप्शन बंद केलं. सोडून जाताना कारण निवडावं लागतं, ती यादी मीच केलेली. महाग वाटतं, वेळ नाही, दुसरी साइट आवडली, इतर. त्याने 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं, "जवळचं माणूस गेलं." त्यावर माझ्याच सिस्टिमने त्याला तत्काळ ऑफर दाखवली. जाऊ नका, पुढचा महिना निम्म्या किमतीत.

कस्टमर का गेला हे आम्ही प्रत्येकाला विचारायचो. उत्तर वाचायला कुणालाच ठेवलं नव्हतं.