ऑर्क दरबारात बोलणार

सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई मूळच्या अमरावतीच्या. सरकारी कचेरीत नोकरी, त्यामुळे घरचे कागदही फाइलसारखे टॅग लावून बांधलेले. समोरच्याचं पटलं की चष्मा वर सरकवून ‘बिल्कुल’ म्हणायच्या. नाही पटलं तर कागदांचा टॅग बांधून मोकळ्या व्हायच्या.

दर रविवारी आम्ही पाच जण एका मित्राच्या घरी जमून, काल्पनिक पात्रं होऊन, फासे टाकत गोष्टीचा खेळ खेळायचो. नवा खेळ ताई आखत होत्या. त्यात आम्ही ऑर्क, म्हणजे सुळेवाले भाडोत्री सैनिक. गादीसाठी भांडणारे दोन राजपुत्र आम्हाला वापरून घेऊ पाहणार होते.

मित्र हसला. “ताई, ऑर्क दरबारात बोलणार कशाला? त्यांनी फक्त लढायचं ना यार!”

“बोलणार.”

“मग माझ्या घरी नको हा खेळ.”

ताईंनी शांतपणे खेळाच्या कागदांचा टॅग बांधला. “अच्छा. पुढच्या रविवारी कॉलनीच्या पार्कात. अकरा वाजता.”

त्या रविवारी आम्ही तिघंच होतो. ताईंनी चटई अंथरली आणि थोरल्या राजपुत्राच्या प्रधानाच्या आवाजात हुकूम सोडला, “ऑर्कांनी दाराशी उभं राहून ऐकावं.”

मी ऑर्कांचा नायक होतो. “तलवार काढू?” मी विचारलं.

“काढ. पण दरबाराला तुझ्याकडून नेमकं तेच हवंय.”

मी जरा विचार केला. “मी राजपुत्रासमोरच्या खुर्चीत जाऊन बसतो.”

ताईंनी चष्मा वर सरकवला.

“बिल्कुल. आता बोल.”