रियाच्या पेपरातलं सातवं उत्तर

"आप लोग खुद कोटे से आते हैं, और हमारे बच्चों को चोर बताते हैं!"

रियाची आई हे मला म्हणाली. प्रिन्सिपॉल मॅडमच्या खोलीत. ती सोफ्यावर बसलेली, मी उभी. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. टेबलावर रियाचा विज्ञानाचा पेपर पडला होता. आणि रिया, माझ्या आठवीच्या वर्गातली, आईच्या खांद्यामागे मान खाली घालून उभी होती.

झालं होतं ते एवढंच. सहामाहीचे पेपर तपासले की आम्ही ते मुलांबरोबर घरी पाठवायचो, आईवडिलांच्या सहीसाठी. दुसऱ्या दिवशी परत यायचे. काही मुलं घरी कोऱ्या जागेत उत्तर लिहून आणायची आणि साळसूद चेहऱ्याने म्हणायची, "मैम, ये चेक करना रह गया." सगळ्या टीचर्सना हे ठाऊक होतं. म्हणून मी प्रत्येक कोऱ्या जागेवर लाल पेनने तिरकी रेघ मारायचे. बाकीच्या हसायच्या. "इतनी मेहनत कौन करता है यार!"

रियाने सातवा प्रश्न सोडला होता. तिथे मी रेघ मारली होती. पेपर परत आला तेव्हा त्या लाल रेघेवरून निळ्या शाईत सबंध उत्तर लिहिलेलं. पाच मार्कांचं. खाली आईची सही.

त्या शाळेत तीन वर्षं सतत वरचे मार्क आणणाऱ्याला स्कॉलर ब्लेझर मिळायचा, निळा. रियाला दोन मार्क कमी पडत होते. मी मार्क दिले नाहीत. म्हणून प्रिन्सिपॉल मॅडमपुढे ही पेशी.

आईचं म्हणणं, रेघ मी नंतर मारली. मुलीवर खुन्नस म्हणून. निळी शाई रेघेच्या वर आहे, हे पेपर हातात घेतला असता तर कुणालाही दिसलं असतं. प्रिन्सिपॉल मॅडमनी तो उचललासुद्धा नाही. त्यांनी रियाला विचारलं, "बोलो बेटा, लाइन पहले थी या बाद में?"

"बाद में," रिया म्हणाली. "मैम ने बाद में मारी."

आणि ही पोर माझी लाडकी होती.

आम्ही तेव्हा दिल्लीच्या द्वारका भागात नवीनच राहायला आलो होतो. माझ्या नवऱ्याला मंत्रालयात नोकरी, त्याच्याबरोबर मी विदर्भातून दिल्लीला आलेली. मेट्रोचे खांब उभे राहत होते, सगळीकडे धूळच धूळ. रियाची सोसायटी शेजारचीच. तिला भिंगाचा धडा कळेना, म्हणून शनिवारी दुपारी ती माझ्या घरी यायची. पोहे दिले की लिंबू पिळून पिळून खायची. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो. तिने विचारलं, "ये कौन हैं मैम?" मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. अकोल्याकडचं आमचं गाव, बापाने केलेली मोलमजुरी, माझी बी.एड.ची राखीव जागा. त्या जागेमुळे मी टीचर झाले, हेही. पोर खायचं थांबवून ऐकत होती. तिने ते घरी सांगितलं असणार. तिच्या मनात काही काळंबेरं नसेल. पण आईने ते नीट लक्षात ठेवलं.

आता माझी लाज सांगते. त्या खोलीत आईचं ते वाक्य ऐकल्यावर मी काय म्हणाले?

"मैं कोटे से नहीं आई. मेरिट से आई हूँ."

असं म्हणाले मी. माझ्या तोंडाने. रियाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिला खरं माहीत होतं. मीच सांगितलेलं. एका वाक्यात मी माझ्या बापाला नाकारलं, फोटोतल्या बापालाही नाकारलं. आणि कुणापुढे? ज्यांनी मला खुर्चीसुद्धा दिली नव्हती, त्यांच्यापुढे. खोटं पकडणारी मी, त्या पोरीसमोर खोटी पडले.

प्रिन्सिपॉल मॅडमनी कागद पुढे सरकवला. "लिख दीजिए कि चेकिंग में गलती हो गई. बात खत्म. नया स्कूल है, पेरेंट्स को नाराज़ नहीं कर सकते."

मी पेन घेतलं. दोन शब्द लिहिले. पुढे हात जाईना. पेन खाली ठेवलं.

"मैडम, मैं अभी झूठ बोली," मी म्हणाले. "मेरी बी.एड. की सीट रिज़र्व थी. मेरे हक की थी. और ये जवाब पेपर घर जाने के बाद लिखा गया है. मैं माफ़ी नहीं लिखूँगी."

"देखा?" रियाची आई प्रिन्सिपॉल मॅडमकडे बघून हसली.

मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी रियाकडे बघत होते. बोललेलं खोटं मागे घेता येतं, हे मी तिला नुकतंच करून दाखवलं होतं. मी थांबले. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. आईने तिचं मनगट धरलं. रिया बोलली नाही.

मार्क दुसऱ्या टीचरने दिले. ब्लेझर मिळाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मार्चमध्ये मला सांगितलं, पुढच्या सत्राला येऊ नका.

नवरा म्हणाला, "अगं, दोन ओळी लिहून द्यायच्या होत्यास. काय बिघडलं असतं?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नोकरीसाठी नाही. त्या पोरीसाठी. आजही तिच्या वयाची मुलगी वर्गात मान खाली घालून उभी राहिली की माझा जीव तुटतो.

लोक म्हणतात, लहान होती, माफ करून टाक. तेरा वर्षांच्या मुलीला खरं काय ते कळतं. मी माफ केलेलं नाही. तिला नाही आणि त्या एका वाक्यासाठी स्वतःलाही नाही.

आता मी फरीदाबादच्या शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये कोट्यावरून विनोद सुरू झाला की मी सरळ सांगते, मी राखीव जागेवर शिकले. कुणी घाईने वह्या उघडते. कुणी चहाचा कप उचलून बाहेर जाते. पूर्वी मीच काहीतरी गमतीचं बोलून त्यांना मोकळं केलं असतं. आता करत नाही. अवघडायचं तर त्यांनी अवघडावं. मी माझ्या खुर्चीतून उठणार नाही.