तात्पुरती खुर्ची

नेमानीने नीरफणसाखाली खुर्ची ठेवली ती फक्त आठ दिवसांसाठी. निदान गावचे प्रमुख रातू वेरेसी यांनी तसं सांगितलं होतं.

"नेमानी, दुसऱ्यांच्या भांडणांत मधे उभं राहून तू आयुष्य काढलंस. आता आठ दिवस आपल्यांच्या भांडणात बस. उभं राहायचं वय गेलं तुझं."

खुर्चीच्या डावीकडे केलेपीचं घर, उजवीकडे सायरुसीचं. भांडण डुकराचं होतं. केलेपीचं डुक्कर तिसऱ्यांदा सायरुसीच्या कसाव्यात घुसलं. सायरुसीने ते मारलं, जमिनीतल्या भट्टीत भाजलं आणि शेजारधर्म म्हणून एक तंगडी केलेपीकडे पाठवली. इथवरही निभावलं असतं. पण केलेपीने ती तंगडी मिटक्या मारत खाल्ली, "पोरगा सुधारला हो," असं बायकोला सांगितलं, हाडं चोखली, आणि मग संध्याकाळी डुकराला हाका मारत गावभर हिंडला. डुक्कर गेल्याचं दुःख माणूस सोसेल. पण त्याची चव वाखाणल्याचं कसं सोसणार? दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांतून कोयते निघाले, आणि तिसऱ्या दिवशी मधे नेमानीची खुर्ची आली.

आठ दिवसांचे पाच महिने झाले. नेमानीला यात काही वावगं वाटलं नाही. लेबनॉनला त्यांची पलटण ज्या फौजेत गेली होती, तिच्या नावातच 'तात्पुरती' असा शब्द होता, आणि सहा महिन्यांच्या बोलीवर गेलेली पलटण चोवीस वर्षांनी परतली. नकाशा छापताना शाईचे थेंब उडावेत तेवढा आमचा फिजी, पण जगात कुठे दोघे एकमेकांचे गळे धरायला निघाले, की निळी टोपी घालून मधे उभी राहायला आमची पोरं हजर. नेमानीने सहा खेपा केल्या. तंबाखूच्या शेतांमधला एक नाका, दोन पिंपं, एक आडवा दांडा आणि तो. तिथे त्याला अरबी आलं ते एवढंच, "आई कशी आहे?" दांड्याच्या अलीकडच्याला तो तेच विचारी आणि पलीकडच्यालाही तेच. हातात बंदूक असलेला माणूससुद्धा या प्रश्नाला आधी उत्तर देतो, असा त्याचा अनुभव होता.

आता तशीच निळी टोपी घालून त्याचा मुलगा गोलानच्या डोंगरावर होता. लाइन मिळाली तर रविवारी फोन करी. बायको मेरेवाई जाऊन तीन वर्षं झाली होती. घर गावाच्या शेवटाला, चर्चच्याही पुढे. त्यानंतर फक्त कांदळवन. आमच्याकडे जेवायला बसलं की दारावरून जाणाऱ्याला "या जेवायला!" अशी हाक मारायची, आणि जाणाऱ्याने "झालं, झालं!" म्हणून पुढे जायचं. पण त्यासाठी दारावरून कुणीतरी जावं लागतं. नेमानीच्या दारावरून भरती जायची, ओहोटी जायची. त्यांना जेवण झालं का विचारून उपयोग नसतो.

खुर्चीत बसल्यापासून मात्र त्याचे दिवस पालटले. सकाळी केलेपीची बायको अकेनेता लिंबाच्या पानांचा चहा किटलीभर घेऊन यायची. दुपारी सायरुसीकडून नारळाच्या दुधातला मासा. मध्यस्थाला उपाशी ठेवलं असं दुसऱ्या बाजूने म्हणू नये, म्हणून दोन्ही घरांत चढाओढ. केलेपी तर त्याचा मामेभाऊ, आणि हे नातं आमच्याकडे देवाने टिंगलीसाठीच काढलेलं.

"काय रे म्हाताऱ्या," केलेपी ओट्यावरून ओरडायचा, "आमचं भांडण खाऊन खाऊन पोट सुटलं तुझं!"

"तुझं डुक्कर खाऊन सुटलं नाही, एवढं नशीब समज."

सायरुसी तिकडे आपल्या अंगणात गालातल्या गालात हसायचा, आणि आपण हसलो हे कुणी पाहिलं नाही ना, हे बघायचा.

मग एका दुपारी तो सायरुसी कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आत तांबुआ होता. देवमाशाचा दात, जुना, तेल पिऊन मधासारखा झालेला. आमच्याकडे चूक कबूल करायची ती याच्यासह, आणि ती मध्यस्थाच्या तोंडून. एकदा तांबुआ हातात घेतला की समोरच्याला राग धरून बसता येत नाही.

"मामा, हा पलीकडे न्या. माझ्या आज्याचा आहे. बोला तुम्हीच. मला नाही जमायचं."

"नेतो की," नेमानी म्हणाला. आणि घरी जाऊन त्याने तो पत्र्याच्या पेटीत निळ्या टोपीशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, केलेपीची दाढ दुखतेय, आज नको. तिसऱ्या दिवशी पाऊस होता. चौथ्या दिवशी पाऊस नव्हता, पण मासा फार सुरेख होता. सायरुसी खाली मान घालून विचारायचा, "मामा, काही…?"

"पिकू द्यावं लागतं, बाळा. कच्चं तोडलं की चीक लागतो."

लेबनॉनचा अनुभव असलेल्या माणसाला यावर कोण काय विचारणार? नेमानी रोज ठरवायचा, उद्या नक्की. रोज संध्याकाळी घरी जाऊन पेटी उघडायचा, दाताकडे बघायचा आणि पेटी मिटायचा.

अकराव्या दिवशी अकेनेता चहा ओतताना हळूच म्हणाली, "यांना सांगू नका हं दादा. पण संध्याकाळी खिडकीत बसून त्या घराकडेच बघत असतात. तिकडून एक शब्द जरी आला असता ना…"

नेमानीची जीभ चहाने भाजली.

बाराव्या दिवशी सकाळी तो खुर्चीपाशी आला, तर सायरुसी पहार घेऊन उभा. बाजूला खांब आणि काटेरी तारेचं भेंडोळं.

"उत्तर आलं नाही, हेच उत्तर आलं, मामा. तो दात परत आणू नका, मला लाज वाटते. जरा खुर्ची सरकवता? खांब बरोबर इथंच येतोय."

नेमानीला तार माहीत होती. नाक्यापलीकडच्या गावात अशीच एक तात्पुरती तार पाहिली होती त्याने. पहिल्या खेपेला तिच्या दोन्ही बाजूंना बायका बोलत उभ्या असायच्या. तिसऱ्या खेपेला तिच्यावर वेल चढला होता. सहाव्या खेपेला पोरांना दगड कुठल्या बाजूला मारायचे ते पाठ होतं, का मारायचे ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

"पहार ठेव खाली," तो म्हणाला. "मी आलो."

घरी जाऊन त्याने कमरेला स्वच्छ सुलू गुंडाळली. टोपीकडे हात गेला, पण टोपी त्याने तशीच ठेवली. ती मधल्या माणसाची होती.

केलेपीच्या चटईवर तो मांडी घालून बसला. सायरुसी उंबऱ्यापाशी मान खाली घालून. तांबुआ दोन्ही हातांत धरून नेमानीने सुरुवात नेहमीच्या मोठ्या शब्दांनी केली आणि मधेच थांबला.

"केलेपी, हा दात समुद्रातून गावात लवकर आला असेल, माझ्या पेटीतून इथे यायला त्याला अकरा दिवस लागले. पोराने केव्हाच दिला होता. मीच… म्हणजे, तुमचं मिटलं असतं, तर मी सकाळी जाणार कुठे?"

बाहेर नीरफणसाचं एक फळ धप्पकन पडलं. केलेपीने हात पुढे केले, तांबुआ घेतला आणि मांडीवर ठेवला.

"अकरा दिवस?" तो म्हणाला. "अकरा दिवस हे पोरगं तिकडे झुरतंय, मी इकडे झुरतोय, आणि तू मधे बसून चहा ढोसतोयस?"

"वर मासा," सायरुसी उंबऱ्यावरून म्हणाला. "रोज. मोठा तुकडा!"

"आमचा चहासुद्धा दोन साखरेचा!"

पाच महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते नेमानी गाढव आहे यावर. यांगोनाच्या मुळ्यांचं पेय भरलेली करवंटी फिरली. रीतीप्रमाणे टाळ्या वाजल्या. सायरुसीने डुकराचं एक पिल्लू द्यायचं कबूल केलं, केलेपीने ते बांधून ठेवायचं कबूल केलं, आणि नेमानीचं नाव काढून दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नेमानीही हसला. त्यांच्याइतकाच.

संध्याकाळी त्याने खुर्ची उचलली. पाय रुतले होते. चार खड्डे राहिले मागे.

"येत जा हं दादा चहाला," अकेनेता म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. पण किटली आपल्यापर्यंत येणं वेगळं आणि आपण किटलीपर्यंत जाणं वेगळं. तो एकदा गेला. केलेपी आणि सायरुसी मासे धरायला गेले होते.

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी त्याने कसावा उकडला. एका माणसाचा अंदाज त्याला अजून येत नव्हता. दाराशी बसून सवयीने रस्त्याकडे बघत तो म्हणाला, "या जेवायला!"

घरामागे काहीतरी खुसफुसलं. नेमानी उठून गेला. त्याच्या कसाव्याच्या वाफ्यात केलेपीचं नवं पिल्लू, गळ्यात तुटलेली दोरी, मुळं उकरत होतं. असल्या गोष्टी सुरू कशा होतात आणि कुठवर जातात, हे या गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने खडा उचलला. पिल्लाने वर पाहिलं.

खडा त्याने हळूच खाली ठेवला. घरात येऊन दुसरं ताट पुसलं, आपल्या ताटासमोर मांडलं आणि चर्चकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसला. अंधार पडायच्या आत कुणीतरी शोधत येणारच होतं.