अष्टमीची ओहोटी

आमच्या घरात एका समुद्रकिनाऱ्याला जायची तयारी सात-आठ वर्षं चालली होती. किनारा इटलीत होता आणि आम्ही कल्याणात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. टिटवाळ्याच्या गणपतीपलीकडे त्यांनी हौसेने प्रवास केल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सासूबाई रेल्वेतून खाडीचा पूल ओलांडताना डोळे मिटून घेत. अशा माणसांनी दक्षिण इटलीतल्या एका खेड्याच्या वाळूवर कसं पोचायचं, कुठे उतरायचं, काय खायचं, हे रोज दुपारच्या चहानंतर ठरवायचं आणि मी ते वहीत उतरवून घ्यायचं.

कारण तिथे माझा नवरा बुडाला होता. किंवा बुडाला नव्हता. नक्की कोणालाच माहीत नव्हतं.

लढाई चालू असताना आमचं लग्न झालं आणि बाविसाव्या दिवशी हे पलटणीत परत गेले. सैन्यात कारकून होते. मला त्यांची एकूण चार पत्रं आली, चारही मामंजींच्या पत्रात घडी करून घातलेली, म्हणजे आधी घरभर वाचलेली. शेवटच्यात लिहिलं होतं, लढाई संपली, आता समुद्राकाठच्या एका गावात परतीच्या जहाजाची वाट बघत बसलो आहोत, तीन आठवड्यांत घरी येईन, इथे फार शांत आहे, दिवस दिवस कोणी हाक मारत नाही. त्यानंतर सरकारी पत्र आलं ते इंग्रजीत. घरात मॅट्रिक झालेली मी एकटी, त्यामुळे ते मीच सगळ्यांना वाचून दाखवलं. सकाळी पोहायला गेले, कपडे वाळूवर सापडले, माणूस सापडला नाही. बुडून मृत्यू झाला असावा.

"असावा म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "झाला का नाही झाला, ते नीट वाच."

मी पुन्हा वाचलं. पत्रात 'असावा'च होतं.

गुरुजींना बोलावलं. त्यांनी सांगितलं, प्रेत दिसलेलं नाही, तेव्हा बारा वर्षं वाट बघायची. बारा वर्षांत आला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर सूनबाई सवाष्ण. अशी मी शास्त्राच्या हुकमाने बारा वर्षांची सवाष्ण झाले. कुंकू लावायचं, मंगळसूत्र घालायचं, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारायच्या. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवत, नाही असं नाही. पण कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आलं की क्षणभर थांबायचं आणि बाई सासूबाईंकडे बघायची. सासूबाई मान हलवत. मग बोट टेकायचं.

मला काय वाटत होतं, असं पुढे अनेकांनी विचारलं. काही वाटत नव्हतं. बावीस दिवसांतलं मला आठवतं ते एवढंच, की ह्यांना ताकात मीठ कमी लागायचं आणि झोपेत हे पाय घासायचे. एवढ्यावर रडू येत नाही. सुरुवातीला लोकांसाठी रडले. मग तेही जमेना. आत काही हलतच नव्हतं, आणि त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल, तेव्हा ह्यांच्या पलटणीतला एक सोबती विठ्ठलवाडीला निर्वासितांच्या छावणीत नोकरीला लागला आणि आमचा पत्ता काढत घरी आला. त्या दिवशी ह्यांच्याबरोबर किनाऱ्यावर तोच होता. चहाच्या कपाकडे बघत तो सांगत होता, "सकाळचे दहा वाजले असतील. ते पाण्यात शिरले, मी वाळूवर आडवा झालो नि माझा डोळा लागला. उठून बघतो तर कपडे होते. घडी घातलेले." मग मामंजींनी त्याच्याकडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे नकाशा काढून घेतला. अर्धगोल वाळू, दोन होड्या, अंजिराची झाडं, टेकडीवर देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, आणि चर्चचा म्हातारा पाद्री. आठवड्यातून दोनदा एक बस. बाकी माणूस नाही, काणूस नाही.

तो नकाशा मामंजींनी जेवणघराच्या भिंतीला खिळ्याने लावला. दुसऱ्या दिवशी ते बंदरावर गेले. तिथे त्यांच्या ओळखीचा एक कोळी होता, कचेरीत त्याचा कसला अर्ज त्यांनी लिहून दिला होता, तेव्हापासूनची ओळख. मामंजींचा प्रश्न एकच. लहानपणापासून खाडी आरपार पोहून जाणारा मुलगा बुडेल कसा?

कोळी म्हणाला, "दादा, तिथ कंची होती?"

पंचांग काढलं. अष्टमी. खाडीकाठच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, बाराला पुरी ओहोटी, आणि सकाळी दहाला पाणी सपाट्याने बाहेर चाललेलं.

"वोहटीला लागला का पट्टीचा पोहनारा बी भायेर जातं," कोळी म्हणाला. "पन भायेर होऱ्या असतात. उचलतात."

मामंजी घरी आले ते वेगळेच. त्यांना मुलगा मेल्याचा किंवा जगल्याचा नव्हे, पण घडलं कसं याचा धागा मिळाला होता. ओहोटीने तो बाहेर नेला. तिथे कुठल्या तरी होडीने उचलला असेल, किंवा पाणी घेऊन गेलं त्या दुसऱ्या काठाला लागला असेल. आता तिथे जायचं, तशाच अष्टमीला, दहाच्या ठोक्याला त्याच वाळूवर उभं राहायचं, पाण्यात नारळ सोडायचा आणि तो कुठे जातो ते बघायचं. त्या दिशेने चौकशी करायची. जायचं मामंजींनी आणि मी. मी इंग्रजीसाठी. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत हे झालं पाहिजे, कारण त्यानंतर पुतळा.

आणि मग सुरू झाली तयारी. मुंबईहून जहाजांची पत्रकं आली. जहाज पोचणार ती तिथी एकादशी निघाली, तर अष्टमीपर्यंत पाद्र्याकडे राहावं लागणार. पुढचं जहाज बघावं तर ते अष्टमी उलटल्यावर दुसऱ्या दिवशी. सासूबाई एकीकडे मेतकूट, भाजणी, पोह्याचे पापड असं मोजून सांगत, आणि दुसरीकडे म्हणत, "बाजारात तुरी नि भट भटणीला मारी." वाळूत नऊवारी बरी का पाचवारी यावर दोघांचं तीन दिवस वाजलं. पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला, त्याने विचारलं, "जायचं कारण काय लिहू?"

"ओहोटी बघायला," मामंजी म्हणाले.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नातेवाइकांना भेटायला, असं लिहा."

दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. एका वर्षी कागद अडला, एका वर्षी सासूबाईंचा संधिवात, एका वर्षी अधिक महिना. मला त्या किनाऱ्याची इतकी माहिती झाली होती की कल्याणच्या बाजारात मी चुकले असते, तिथे नसते चुकले. पण आपण खरंच तिथे उभ्या आहोत असं एकदाही डोळ्यांसमोर आलं नाही. माझी तिशी उलटायला आली होती. बरोबरीच्या मैत्रिणींच्या मुली परकर-पोलक्यात फिरत होत्या. मी नकाशाला लागलेली कोळिष्टकं काढत होते.

अकरावं वर्ष लागलं तेव्हा मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आता घाई होती. त्यांच्या सांगण्यावरून मी त्या पाद्र्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. उतरायची सोय होईल का? अष्टमीला, म्हणजे अमुक तारखेला, आपल्याकडे ओहोटी किती वाजता सुरू होते? आणि त्या उन्हाळ्यात तुमच्या काठाला काही लागलं होतं का?

तीन महिन्यांनी उत्तर आलं. इंग्रजी बहुधा तिथल्या शाळामास्तरचं असावं, वळणदार आणि मोडकं. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मामंजी पडवीत आरामखुर्चीत बसले आणि म्हणाले, "वाच. सावकाश वाच."

मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागले. चर्चच्या वरच्या मजल्यावर खोली आहे, या. जेवण साधं आहे. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. "आपण ज्या वेळेबद्दल विचारता, त्याबद्दल. आमचा समुद्र… चढत नाही आणि… उतरत नाही. फार तर वीतभर. आपण कोणत्याही दिवशी यावं."

मामंजी सरळ झाले. "ओहोटी नाही?"

"नाही म्हणतात."

"समुद्राला ओहोटी नाही?"

"त्यांच्या नाही, मामंजी."

सात-आठ वर्षांत आमच्यापैकी कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता. मामंजींना नाही, कोळ्याला नाही, मॅट्रिकला भूगोलात चांगले गुण मिळवलेल्या मला नाही. समुद्र म्हटला की भरती-ओहोटी आलीच, आणि ती तिथीने येणार. इटलीच्या पाण्यानेही आमचं पंचांग पाळावं असं आम्ही धरून चाललो होतो. "मग तो बाहेर गेला कसा?" मामंजी स्वतःशीच म्हणाले.

मी पान उलटलं. मागे लिहिलं होतं, आमच्या उपसागरातलं पाणी कुठे जात नाही. इथे जो बुडतो, तो आठवड्याच्या आत आमच्याच वाळूवर येतो. माझा पुतण्याही असाच आला. हिंदी सैनिकासाठी आम्ही त्या उन्हाळ्यात महिनाभर लक्ष ठेवलं, होड्या घातल्या. कोणी आलं नाही. तुम्ही बाप आहात म्हणून लिहितो. किनाऱ्याच्या टोकावरून एक वाट डोंगरात जाते. त्या वर्षी लढाई संपल्यावर पुष्कळ माणसं त्या वाटेने गेली आणि मागे फिरली नाहीत.

मी ते मनातल्या मनात वाचलं. पहिल्यांदा कळलं ते हे, की पलटणीचे घडी घातलेले कपडे मागे ठेवून हे चालत गेले होते. तीन आठवड्यांत घरी यायचे होते. म्हणजे माझ्याकडे यायचे होते, आणि त्यांनी दुसरी वाट धरली. दुसरं कळलं ते हे, की मी हे मोठ्याने वाचलं तर सासूबाई पुतळ्याला हात लावू देणार नाहीत. बारा काय, चोवीस वर्षं वाट बघतील, आणि त्यांच्याबरोबर मी. कपाळाशी थांबलेली बोटं जन्मभर.

मी म्हटलं, "बाकी काही नाही. येण्याआधी कळवा, असं लिहिलंय. देव तुम्हाला शांती देवो आणि तुमच्या मुलाच्या आत्म्याला सद्गती देवो."

"आत्म्याला म्हणाला?"

"हो."

मामंजी आरामखुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "ठीक आहे." पत्र मी संध्याकाळी बंबात घातलं. हे मी त्यांच्या भल्यासाठी केलं असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. मला सुटायचं होतं.

प्रवासाचं बोलणं आपोआप थांबलं. अष्टमीच उरली नव्हती, तर जायचं कधी? नकाशा तेवढा भिंतीवर राहिला. बारा वर्षं पुरी झाली तशी आंबिवलीच्या पलीकडच्या रानातून पळसाचे देठ आणवले. खाडीच्या काठी गुरुजींनी दर्भावर ते मांडून पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. मुलाला अग्नी देणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मामंजींनीच दिला. नीट दिसत नव्हतं. गुरुजींनी मनगट धरून हात पुढे नेला. घरी एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी माझं मंगळसूत्र काढून घेतलं. बायका म्हणाल्या, धीराची आहे हो. मी पाणी मागितलं, कारण तहान लागली होती.

चौदाव्या दिवशी सकाळी मामंजींनी मला पडवीत बोलावलं. ठाण्याच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज त्यांनी कोणाकडून तरी आणवला होता. "भर," म्हणाले. मी भरत असताना त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "त्या पत्रात मागे काय होतं?"

मी टाक खाली ठेवला.

"पान उलटल्याचं ऐकू आलं," ते म्हणाले. "तू इंग्रजीतून सांगतेस तेव्हा अडखळतेस, शब्द शोधतेस. मागचं सांगताना अडखळली नाहीस."

"तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला पुतळा जाळता आला नसता."

म्हणजे पोरगा जिवंत असेल हे कळून-सवरून त्या माणसाने त्याला अग्नी दिला होता. जिवंत मुलाचे पिंड पाडले होते, देवाधर्माचं इतकं करणाऱ्या माणसाने. आणि सासूबाईंशेजारी बसून रोज जेवत होता. बारा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. ते दुःख नव्हतं. भीती वाटली, माझ्यासाठी कोणी एवढं करून बसलंय याची.

मी मागचं सगळं सांगितलं, डोंगरातल्या वाटेसकट. त्यांनी ऐकून घेतलं. "हिला सांगू नकोस," एवढंच म्हणाले, आणि अर्जावर पालकाची सही कुठे करायची ते विचारलं. मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं.