नाईल सोडू नकोस

अजून विसरले नाही. लॉकडाऊन होता, सिडनीतलं आमचं क्वेकर्स हिलचं घर, आणि किचनच्या टेबलावर लेकीची नववीची शाळा. इतिहासाच्या तासाला खेळ ठेवलेला. एकोणिसाव्या शतकातला युरोप. मुलांचे गट म्हणजे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी वगैरे, आणि स्क्रीनवर आफ्रिकेचा नकाशा. भांडा, तह करा, रंग भरा. ज्याचा रंग जास्त तो जिंकला. दुसऱ्याचा मुलूख लाटायचा आणि वर पॉइंट्स घ्यायचे! शी!

पण तेव्हा कुठलं शी म्हणतेय मी? लेक ब्रिटनच्या गटात होती आणि फ्रान्स पुढे चालला होता. आमच्या घरात पहिला नंबर सोडायची पद्धत नाही. ऑफिसचा कॉल म्यूट करून मी तिच्या कानाशी लागले. "जर्मनीला फ्रान्सच्या अंगावर सोड. आणि काही झालं तरी नाईल सोडू नकोस, वरपासून खालपर्यंत घे!" तिने घेतली. सर म्हणाले, "वेल डन, मेट!" मी टाळ्या पिटल्या आणि शिरा केला.

खाताना सहज विचारलं, "तुझी मैत्रीण कोण झाली होती?" मैत्रीण म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, सुदानहून आलेल्या घरातली. पहिलीपासून दोघी एका डब्यात जेवणाऱ्या.

"शी वॉज द टाइमकीपर. सर म्हणाले, तिला ऑकवर्ड होईल."

"मग आफ्रिका कोण होतं?"

"नोबडी, आई. इट्स जस्ट द मॅप."

मी शिऱ्याची ताटली बाजूला सारली. माझे आजोबा वर्गाबाहेर, दाराशी बसून शिकले. मास्तर त्यांच्या पाटीला हात लावत नसत. दर चौदा एप्रिलला मी हे माईकवरून सगळ्यांना ऐकवते, डोळ्यांत पाणी आणून. आणि इथे एक पोर तासभर घड्याळ बघत बसली, तिच्याच मुलखाची वाटणी होईपर्यंत, तर ती मला दिसलीसुद्धा नाही! सरांना काय डोंबल बोलणार? स्वतःचीच किळस आली.

तीन दिवस मैत्रिणीने फोन उचलला नाही. लेक धड जेवेना. शेवटी, व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती, म्हणून मास्क लावून आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती आली, पण जाळीचं दार उघडलं नाही. आम्ही अंगणातच उभ्या.

"सॉरी," लेक म्हणाली.

"माझ्या आजीचं गाव नाईलच्या काठी आहे," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नाईल घ्यायची आयडिया कुणाची होती?"

"माझी," लेक म्हणाली.

लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मैत्रीण मात्र माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. मी मास्क आणखी वर ओढला. मग तिने आतलं दारही लावून घेतलं.